जुलैत केप टाऊनला येतेस, तर आधी हे वाच

एका सत्रासाठी केप टाऊन विद्यापीठात येते आहेस, पुण्याबाहेर कधी राहिलेली नाहीस, मांसाहार करत नाहीस आणि घरचे सुरक्षिततेच्या काळजीत आहेत, असं तू लिहिलंस. तुझे प्रश्न तीन: कॅम्पसवर रुळता येईल का, एकटीनं राहणं जमेल का, आणि तिथली मुलं आपल्याला जवळ करतील का. मीही अशीच एका सत्रासाठी आले होते, मग मास्टर्सला परत आले आणि आता इथंच नोकरी करते. तुझ्या तिसऱ्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे. पहिले दोन त्याच्यापुढे सोपे आहेत.

सुरुवात थंडीपासून. जुलै हा इथला ऐन हिवाळा, आणि केप टाऊनचा पाऊस हिवाळ्यातच पडतो. म्हणजे तू पुण्याचा पावसाळा सोडून दुसऱ्या पावसाळ्यात येणार, पण हा गार. रात्री सात-आठ अंशांपर्यंत उतरतं आणि सकाळी आठ वाजता जेमतेम उजाडतं. आकडा ऐकून काही वाटत नाही, पण इथल्या बहुतेक घरांत हीटिंग नसतं, त्यामुळे बाहेरच्यापेक्षा खोलीतच जास्त गारठायला होतं. जाड रजई इथं विकत घे. लोकरीचे मोजे, कानटोपी, थर्मल आणि वाऱ्यात टिकेल असं जर्किन घरून आण. छत्रीचा भरवसा धरू नकोस, इथला वारा ती उलटी करतो. खोली निवडायची संधी मिळाली तर खिडकी उत्तरेला आहे का ते विचार. आपण दक्षिण गोलार्धात असल्यामुळे दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. दक्षिणेकडची खोली हिवाळाभर ओली राहते, भिंतींना बुरशी येते.

एक्स्चेंजची, म्हणजे तुझ्यासारखी एका सत्रासाठी आलेली बरीच मुलं हॉस्टेलऐवजी रोंडेबॉश, रोझबँक, मोब्रे किंवा ऑब्झर्व्हेटरी या भागांत चार-पाच जणांत घर घेऊन राहतात. अशा घराला इथं डिग्ज म्हणतात. वीज बहुतेक ठिकाणी प्रीपेड असते: पैसे भरले की वीस आकडी नंबर मिळतो, तो मीटरमध्ये घालायचा. गीझर सगळ्यात जास्त युनिट खातो, त्यावरून घरात भांडणं होतात, म्हणून खर्चाची वाटणी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाका. लोडशेडिंगबद्दल तू विचारलं आहेस. २०२३ मध्ये त्यानं जीव नकोसा केला होता. मार्च २०२४ नंतर ते बरंच थांबलं, पण पुन्हा येणारच नाही असं धरून चालू नकोस. पॉवर बँक आणि एक चार्जिंगचा दिवा जवळ असू दे. आणि इथलं ॲडाप्टर शोधत बसू नकोस. आपल्याकडे गीझरला किंवा एसीला असतो तो जाड पिनांचा १६ अँपियरचा प्लग इथल्या नेहमीच्या सॉकेटमध्ये बसतो. तसा प्लग असलेला एक एक्स्टेन्शन बोर्ड आणलास की लॅपटॉप-मोबाईलचं काम झालं. नव्या इमारतींत छोट्या पिनांचे वेगळे सॉकेटही असतात, तेवढं लक्षात ठेव. नळाचं पाणी पिता येतं. पण ते जपून वापर. २०१८ मध्ये या शहराचे नळ बंद पडायची वेळ आली होती, माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा होती. इथल्या लोकांना ते दिवस अजून आठवतात, अर्धा तास शॉवरखाली उभं राहणारी पाहुणी त्यांना आवडत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. पासपोर्ट ऑफिसचं पोलीस क्लिअरन्स, डॉक्टरांचा अहवाल आणि छातीचा एक्स-रे यांना वेळ लागतो, तेव्हा आजच सुरुवात कर. विद्यार्थी व्हिसासाठी दक्षिण आफ्रिकेत नोंदलेल्या मेडिकल स्कीमचं, म्हणजे आरोग्यविमा योजनेचं, कव्हर मागतात. आपला ट्रॅव्हल इन्शुरन्स चालेल असं गृहीत न धरता विद्यापीठाकडून लेखी विचारून घे. अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे येणार असशील तर पीतज्वराची लस घे. प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, आणि परतताना मुंबईच्या विमानतळावरचा प्रश्नही मिटतो. केप टाऊनमध्ये मलेरिया नाही, क्रूगर अभयारण्याकडे फिरायला जाणार असशील तर मात्र आधी डॉक्टरांना विचार.

आता अभ्यास. लेक्चर ४५ मिनिटांचं असतं आणि त्यात शे-दोनशे मुलं असू शकतात, पण खरा अभ्यास ट्युटोरियलमध्ये होतो. तिथं पंधरा-वीस मुलं आणि शिकवायला बहुधा एखादी एमएची विद्यार्थिनी. वाचून यायचं आणि बोलायचं, हा नियम. आपल्याकडे शांत बसणारी मुलगी शहाणी समजली जाते, इथं ती वाचून आलेली नाही असं समजतात. प्राध्यापकांना नावानं हाक मारतात, सुरुवातीला जीभ रेटत नाही, पण ‘सर’ म्हणत राहिलीस तर तेच अवघडतात. ट्युटोरियलची हजेरी आणि मधले निबंध पूर्ण नसतील तर डीपी, म्हणजे परीक्षेला बसायची परवानगी, मिळत नाही. एक्स्चेंजवाल्यांनाही यात सूट नाही. आणि गुणांचं आधीच सांगून ठेवते: ५० ला पास, ७५ ला फर्स्ट क्लास. पहिल्या निबंधाला ६८ पडले तर तो चांगला निबंध आहे. निबंधात पुस्तकातलं सुबक मांडलेलं नको असतं, तुझं मत हवं असतं आणि कुणाचं काय घेतलंस त्याचा नीट उल्लेख हवा असतो. विषय निवडताना पुण्यात मिळणारे विषय घेऊ नकोस. आफ्रिकेचा इतिहास, इथलं राजकारण किंवा नवशिक्यांसाठीची इसिकोसा, म्हणजे इथल्या कोसा लोकांची भाषा, यातलं एक तरी घे. अर्थशास्त्राचा तोच पेपर द्यायला समुद्र ओलांडायची गरज नाही.

आता तिसरा प्रश्न. इथं आल्यावर तुला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारेल, ‘तू डर्बनची का?’ कारण या देशात भारतीय हा परका माणूस नाही. १८६० पासून नाताळ प्रांतात, म्हणजे डर्बनच्या भागात, उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया (करारबद्ध मजूर) म्हणून आपले लोक आले, त्यांच्या मागून व्यापारी आले. वर्णद्वेषी राजवटीनं माणसांचे कप्पे पाडले, त्यात ‘इंडियन’ हा एक कप्पा होता. वरचा नाही, अगदी खालचाही नाही. १९५९ च्या कायद्यानं गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारं इतरांना जवळजवळ बंद झाली आणि भारतीय मुलांसाठी १९६१ मध्ये डर्बनच्या बंदरातल्या सॅलिसबरी बेटावर वेगळं कॉलेज काढलं गेलं. कॅम्पसमधल्या ज्या पायऱ्यांवर तू डबा खायला बसशील, तिथं तुझ्यासारखी मुलगी त्या काळात मंत्र्याच्या परवानगीशिवाय बसू शकली नसती. त्या पायऱ्यांवरच्या सभागृहाला आता सारा बार्टमनचं नाव आहे. जिला युरोपात नेऊन जनावरासारखं प्रदर्शनात मांडलं, ती ही इथल्या मूळच्या खोई जमातीची स्त्री. पायऱ्यांखाली सेसिल ऱ्होड्स या ब्रिटिश साम्राज्यवाद्याचा पुतळा होता, तो मुलांनी महिनाभर आंदोलन करून ९ एप्रिल २०१५ ला हलवायला लावला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फीवाढीविरुद्ध देशभरची विद्यापीठं बंद पडली. तुझ्या सत्रात असं काही झालं तर ते तमाशा म्हणून बघू नकोस आणि कुणाच्या चेहऱ्याचे फोटो काढू नकोस. ज्यांची फी थकली म्हणून नोंदणी अडते, ती तुझ्याच वर्गातली मुलं असतात.

निघताना घरात कुणीतरी तुला सांगेलच, ‘काळ्या लोकांपासून जपून राहा.’ ते प्रेमापोटी असेल, पण हे वाक्य विमानात चढायच्या आधी टाकून दे. मी हे कठोरपणे लिहिते आहे, कारण पुण्यात शिकून गेलेले आफ्रिकन विद्यार्थी मला इथं भेटले आहेत. भाड्यानं खोली मागायला गेल्यावर त्यांना आपल्याकडे काय काय ऐकावं लागलं, ते त्यांनी मला सांगितलं आहे. इथल्या मुलांना हे माहीत असतं. तू कशी वागतेस हे ती बघत असतात, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

दुसरी जपायची गोष्ट म्हणजे एक्स्चेंजच्या घोळक्याची ओढ. अमेरिका-युरोपातली मुलं एकत्र राहतात, एकत्र द्राक्षमळे आणि समुद्रकिनारे फिरतात, आणि सत्र संपतं तेव्हा त्यांच्या फोनमध्ये एकाही इथल्या मुलाचा नंबर नसतो. तीही चांगली मुलं असतात, त्यांच्याबरोबर जरूर जा. पण आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवून वेगळी ठेव. १९४३ पासून चाललेली शॉको नावाची विद्यार्थी संस्था आहे, तिच्यातर्फे वस्त्यांमधल्या शाळकरी मुलांना शिकवायला जाता येतं. कॉयर आहेत, नृत्याचे गट आहेत. आणि नमस्कार कर. विद्यापीठाच्या शटल बसचा ड्रायव्हर, दारावरचा रखवालदार, दुकानातली बाई, कुणाशीही बोलताना आधी ‘कशी आहेस’ विचारायचं, उत्तर ऐकायचं, मग काम सांगायचं. कोसा बोलणाऱ्यांना ‘मोलो’ म्हणालीस की चेहरा खुलतो. हे न करता सरळ काम सांगणारा माणूस इथं उद्धट ठरतो. इथली मुलं जवळ करतात. पण पहिलं पाऊल पाहुण्यानं टाकायचं असतं, कारण पाहुणे येऊन-जाऊन त्यांना सवय झालेली आहे.

सुरक्षितता. घरच्यांची काळजी खोटी नाही आणि मी ती खोडून काढणार नाही. २०१९ मध्ये याच विद्यापीठाची पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी उयिनेने म्रवेत्याना भरदिवसा पोस्टात पार्सल आणायला गेली आणि तिचा खून झाला. त्यानंतर देशभर मुली रस्त्यावर आल्या. तेव्हा नियम पाळ: अंधार पडल्यावर चालत जायचं नाही, दहा मिनिटांचं अंतर असलं तरी. विद्यापीठाची शटल विद्यार्थी कार्डावर फुकट आहे, मुलं तिला अजून जॅमी म्हणतात. नाहीतर उबर किंवा बोल्ट, गाडीचा नंबर बघूनच बसायचं. रस्त्यात फोन हातात धरायचा नाही. कॅम्पसच्या वरच्या ऱ्होड्स मेमोरियलच्या वाटेनं एकटीनं जायचं नाही. पोलिसांचा नंबर १०१११, आणि कॅम्पस सुरक्षेचा नंबर पहिल्याच दिवशी फोनमध्ये घाल. हे नियम इथली प्रत्येक मुलगी पाळते, ती घाबरट असते म्हणून नव्हे. ते अंगवळणी पडले की मोकळं वाटतं.

जेवणाची चिंता सोड. तूरडाळ इथं ‘ऑइल डाल’ या नावानं मिळते, भारतीय वस्तीच्या रायलँड्स-गेट्सव्हिल भागात सगळं वाणसामान आहे. बो-काप भागात मसाल्यांची जुनी दुकानं आहेत. सुपरमार्केटमध्ये ‘अमासी’ नावाचं आंबवलेलं दूध मिळतं, त्याची कढी सुंदर होते. ‘माबेले’ म्हणजे ज्वारीचं पीठ. लोक त्याची पेज करतात, जरा जाडसर असतं, पण बारीक दळलेलं मिळालं आणि उकळत्या पाण्यात मळलं तर भाकरी थापता येते. तवा मात्र घरून आण.

रायलँड्समध्ये गेलीस की कान उघडे ठेव. रत्नागिरी आणि जुन्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या गावांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कोकणी मुसलमान कुटुंबं केप टाऊनला आली. पुढे १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्यानं शहरातल्या मिश्र वस्त्या मोडल्या आणि भारतीयांना या भागात ढकललं. त्यांच्यातल्या वयस्कर माणसांच्या तोंडी अजून कोकणी आहे, आणि आपल्याला ती जवळजवळ सगळी कळते. मला एका दुकानात आजीबाईंनी ‘खैची तू?’ विचारलं तेव्हा मी गल्ल्यापाशीच उभी राहून गप्पा मारत बसले. ऑक्टोबर १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले बोटीनं याच शहरात उतरले होते, भारतीयांवरचे जाचक कायदे बघायला. त्यांच्या फर्ग्युसनच्या आवारात तू वावरली असशील, तेव्हा हेही माहीत असू दे.

ट्रेकची हौस आहे म्हणालीस. टेबल माउंटन १०८६ मीटर आहे, कळसूबाईपेक्षा बराच कमी, आणि म्हणूनच आपले ट्रेकर त्याला हलकं घेतात. ढग दहा मिनिटांत खाली उतरतो, वाट दिसेनाशी होते. चार जणांत जा, प्लॅटेक्लिप घळीनं सकाळी लवकर चढा, गार वाऱ्याचं जर्किन उन्हातही पाठीवर असू दे. विद्यापीठाचा गिर्यारोहण क्लब आहे, त्यांच्याबरोबर गेलीस तर सगळ्यात बरं. मधल्या सुट्टीत वेस्ट कोस्टला फुलं बघायला जा, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मैलोन्मैल माळ फुललेला असतो, आणि हर्मानसला किनाऱ्यावरून देवमासे दिसतात.

परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढ. परीक्षा ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होऊन नोव्हेंबरात जातात आणि नेमकं वेळापत्रक सत्र सुरू झाल्यावरच लागतं. शेवटचा पेपर झाल्यावर आठवडाभर तरी राहा, तेव्हा इथं उन्हाळा लागलेला असतो. व्हिसाचे कागद जमवताना कुठे अडलीस तर कोणता कागद अडला ते लिहून पाठव, मी बघते.