म्युनिक की लाइपझिग : भाडं, चौथीचं प्रगतिपुस्तक आणि कुकरचं बूड

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या मिहानमधली नोकरी सोडून जर्मनीला जायचं ठरलंय आणि हातात दोन ऑफर आहेत : म्युनिकची वर्षाला ६५,००० युरोंची, लाइपझिगची ५६,००० ची. सोबत वहिनी आणि आठ वर्षांची मुलगी. घरचे म्हणतात म्युनिकच घ्या, पगार जास्त आहे.

आधी पगाराचंच पाहू. वहिनी सुरुवातीला नोकरी करणार नाहीत असं धरलं तर तुम्हाला तिसरा करवर्ग मागून घेता येईल (पगारातून कर किती कापायचा ते जर्मनीत अशा सहा वर्गांवरून ठरतं, तिसऱ्यात कमी कापतात). २०२५ च्या दरांनी ६५,००० वर महिन्याला हातात साधारण ३,७५० युरो येतात आणि ५६,००० वर साधारण ३,३००. म्हणजे वर्षाच्या नऊ हजारांतले महिन्याला साडेचारशेच तुमचे. आता तिघांना पुरेल असं ७५ चौरस मीटरचं घर घ्या. म्युनिकमध्ये आज नव्याने भाड्याने घेताना १,५०० च्या खाली क्वचितच मिळेल, लाइपझिगमध्ये सातशे-साडेसातशेत मिळतं. पगारात कमावलेले साडेचारशे भाड्यात गेले आणि वर तीनशे खिशातून. शिवाय घरमालक तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागू शकतो. कायद्याने कमाल तेवढीच, पण मागतात बहुतेक तेवढीच.

हे आकडे ‘काल्टमीटे’चे, म्हणजे नुसत्या भिंतींचे. हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई धरली की ‘वार्ममीटे’ होतं. त्यात वीज आणि इंटरनेट सहसा नसतं, आणि रेडिओ-टीव्हीची १८.३६ युरोंची मासिक वर्गणी तर घरात टीव्ही नसला तरी द्यावीच लागते. जाहिरातीत कोणता आकडा लिहिलाय ते दरवेळी तपासा.

नागपूरहून जाणाऱ्याला खरा धक्का घर उघडल्यावर बसतो. रिकामं घर म्हणजे अक्षरशः रिकामं : स्वयंपाकघरात ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. भिंतीतून पाण्याचे दोन नळ डोकावतात आणि छतातून वायरी लोंबतात, होल्डरसुद्धा आधीचा भाडेकरू काढून नेतो. म्हणून जाहिरातीत ‘आइनबाउक्युशे’ हा शब्द शोधा, म्हणजे ओटा-कपाटं बसवलेली आहेत. नाहीतर जाणारा भाडेकरू आपलं किचन विकत देतो, त्या रकमेला ‘आब्लोझे’ म्हणतात. ती घासाघीस करून कमी होते, लाजू नका.

घर न पाहता नागपुरात बसून पैसे पाठवू नका. ‘मी सध्या परदेशात आहे, अनामत भरा, किल्ली कुरिअरने पाठवतो’ असं म्हणणारा घरमालक शंभर टक्के ठग. पहिले दोन-तीन महिने सामानासह मिळणारं तात्पुरतं घर घ्या, पण बुक करण्याआधी एकच गोष्ट लेखी विचारा : ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ देणार का? हे घरमालकाचं राहत असल्याचं पत्र. त्याशिवाय पालिकेत पत्त्याची नोंद, म्हणजे ‘अनमेल्डुंग’, होत नाही. ती राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. नोंद नाही तर टॅक्स आयडी पोस्टाने येत नाही, आणि आयडी नसला तर कंपनी सहाव्या, म्हणजे सर्वांत महाग करवर्गाने कर कापू शकते. पैसे नंतर परत मिळतात, पण पहिला पगार पाहून पोटात गोळा येतो. नोंदणीच्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो, तो चर्चचा कर लावण्यासाठी. तिथे चुकून कुठलंही चर्च निवडलं तर आयकराच्या बव्हेरियात (म्युनिकचं राज्य) ८ आणि सॅक्सनीत (लाइपझिगचं राज्य) ९ टक्के वेगळे कापले जातात.

पण शहर ठरवताना मी पगार आणि भाडं दोन्हीच्या वर मुलीचं वय ठेवीन. जर्मनीत शिक्षण हा राज्यांचा विषय, त्यामुळे तुम्ही शहर निवडता तेव्हा शाळेचा कायदाही निवडता. बव्हेरियात चौथीनंतर मुलं वेगवेगळ्या शाळांत विभागली जातात. विद्यापीठाकडे सरळ नेणाऱ्या गिम्नाझियुमला जायचं तर चौथीच्या मे महिन्यात मिळणाऱ्या दाखल्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली लागते (तिथे १ सर्वांत उत्तम, ६ सर्वांत वाईट). आठ वर्षांची मुलगी, जर्मनचा एक शब्द येत नाही, तिला तिसरीत बसवलं तर या दाखल्याला दीड-पावणेदोन वर्षं उरतात. गणितात ती पुढे असेल, अडेल ते जर्मनमध्ये. बरं, रेआलशूल या दहावीपर्यंतच्या मधल्या शाळेतून किंवा नंतरच्या टप्प्यांवरून वर जाण्याचे रस्ते आहेत, आयुष्याचं वाटोळं होत नाही. पण त्या एका वर्षात घरात जो ताण असतो तो दहावीच्या घरापेक्षा कमी नसतो. सॅक्सनीतही विभागणी चौथीनंतरच होते, म्हणून लाइपझिगला या बाबतीत फार फायदा नाही. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग या दोन राज्यांत प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते. कंपनीची शाखा तिथे असेल तर बदली मागून पाहण्यासारखी आहे. नाहीतर मुलीला आजपासून जर्मन लावा. आठवड्याला तीन तास, सहा महिने, एवढ्यानेही फरक पडतो.

म्युनिकच्या बाजूनेही बोलायला हवं. तुम्ही ब्लू कार्डवर, म्हणजे पदवीधरांच्या राहण्या-कामाच्या परवान्यावर जाल. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला येण्याआधी जर्मनची ए-वन (सर्वांत खालची पातळी) परीक्षा लागत नाही आणि आल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करता येते. वहिनी आयटीत असतील तर इंग्रजीवर चालणाऱ्या नोकऱ्या म्युनिकमध्ये बऱ्याच जास्त आहेत, आणि दोन पगार आले की वरचा भाड्याचा हिशोब उलटतो. त्या शिक्षिका किंवा अकाउंटंट असतील तर दोन्हीकडे किमान बी-टू, म्हणजे वरच्या पातळीचं जर्मन हवंच, मग स्वस्त शहरात बसून शिकलेलं बरं. दुसरं, तुमची नोकरी गेली तर? म्युनिकमध्ये त्याच ट्राममार्गावर दुसरी कंपनी सापडू शकते. लाइपझिगमध्ये बीएमडब्ल्यू आणि पोर्शचे कारखाने आहेत, डीएचएलचं मोठं हवाई केंद्र आहे, पण तुमच्या कामाच्या कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या. आणखी एक, सप्टेंबर २०२४ च्या सॅक्सनी विधानसभा निवडणुकीत स्थलांतरविरोधी एएफडी पक्षाला ३०.६ टक्के मतं मिळाली. लाइपझिग शहराचा कल त्या राज्यापेक्षा वेगळा आहे, विद्यापीठाचं शहर आहे. पण स्वस्त मिळतं म्हणून बाहेरच्या गावात घर घेऊ नका, शहरातच घ्या.

दोन्ही पगार ब्लू कार्डच्या २०२५ मधल्या ४८,३०० च्या मर्यादेच्या वर आहेत, तिथे अडचण नाही. ब्लू कार्डवर बी-वन जर्मन असेल तर २१ महिन्यांत, ए-वनवर २७ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. पदवीसाठी ‘अनाबिन’ या सरकारी यादीत विद्यापीठ आणि पदवी दोन्ही शोधा. २००५ मध्ये विद्यापीठाचं नाव बदललं, म्हणून ‘नागपूर’ आणि ‘राष्ट्रसंत तुकडोजी’ दोन्हींनी शोधा. विद्यापीठापुढे ‘एच प्लस’, म्हणजे जर्मनीत मान्य असल्याची खूण, हवं. दोन्ही पानांचे प्रिंट काढून व्हिसाच्या फाइलला लावा. पदवी यादीत नसेल तर ‘झेडएबी’ या परदेशी पदव्या तपासणाऱ्या सरकारी कार्यालयाकडून मूल्यांकन, फी २०८ युरो.

आणि अपॉस्टिलवर, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारलेल्या सरकारी शिक्क्यावर, पैसे घालवू नका. कागद आधी मुंबईला मंत्रालयात, मग दिल्लीला, असं पॅकेज एजंट विकतात. भारत २००५ मध्ये अपॉस्टिल करारात आला तेव्हा जर्मनीने त्यावर आक्षेप घेतला, त्यामुळे भारतीय अपॉस्टिल तिथे चालत नाही. महापालिकेचे जन्म आणि विवाहाचे दाखले इंग्रजीत घ्या, मुलीच्या दाखल्यावर आईचं नाव पासपोर्टप्रमाणेच आहे ना ते अक्षर-अक्षर जुळवा. लग्नानंतर बदललेलं नाव एका कागदावर आणि माहेरचं दुसऱ्यावर, यानेच फाइली अडतात.

आरोग्यविमा तुमच्या दोन्ही पगारांवर सरकारी फंडाचाच घ्यावा लागतो, आणि ते बरंच आहे : न कमावणारी पत्नी आणि मूल त्यात फुकट येतात. पुढे पगार बराच वाढला तर खासगी विमा निवडता येतो, तो तरुणपणी स्वस्त दिसतो, पण माणशी हप्ता आणि परत सरकारीत येणं अवघड. आई-बाबांना नेण्याबद्दल तुम्ही विचारलंत. १ मार्च २०२४ पासून पहिला परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना कायदा तशी मुभा देतो, पण अडतं ते विम्यावर. सरकारी फंड त्यांना घेत नाही, आणि त्या वयात खासगी हप्ता मोठा असतो.

सामानाचं. संत्रा बर्फी, तूप, पेढे बॅगेत नको : युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, आणि ताजी संत्री वनस्पती-आरोग्याच्या दाखल्याशिवाय नाहीत. सावजी मसाला, तिखट, कुरड्या, पापड बिनधास्त न्या. मिक्सर चालतो, वीज २३० व्होल्टचीच आहे, फक्त आपली तीन पिनांची प्लग बसत नाही, अडॅप्टर लागतो. रात्री दहानंतर मिक्सर फिरवू नका, खालचा माणूस वर येतो. कुकर घेताना बुडाला चुंबक लावून पाहा. चिकटला तर इंडक्शनवर चालेल, ॲल्युमिनियमचा चालत नाही. आणि स्वयंपाक करताना व नंतर खिडकी दहा मिनिटं सताड उघडा, जानेवारीतसुद्धा. वाफेने भिंतीला बुरशी आली की ती अनामतीतून कापली जाते. थंडीचं काय, कोट घालून भागतं. अंधाराची तयारी मात्र ठेवा, डिसेंबरच्या शेवटी लाइपझिगला चारच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि सकाळी आठनंतर उगवतो.

मुलीचा जन्ममहिना आणि वहिनींचं शिक्षण कळवा. कोणत्या इयत्तेत बसवतील ते त्यावरून सांगता येईल, आणि म्युनिकचा भाड्याचा हिशोब दोन पगार धरून पुन्हा मांडता येईल.