ई-कॅडहेरिन कोट केलं, तरी पेशी चिकटत नाहीत: व्हायलवर संशय घेण्याआधी

तुमची तक्रार थोडक्यात अशी: रिकॉम्बिनंट मानवी ई-कॅडहेरिन-एफसी (पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं प्रथिन, शेपटीला अँटिबॉडीचा एफसी तुकडा जोडलेलं) १० मायक्रोग्रॅम प्रति मिली घेऊन प्लेट कोट केली, एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशी ट्रिप्सिन-ईडीटीएने सोडवल्या, सगळं साध्या पीबीएसने (फॉस्फेटच्या खारट बफरने) धुतलं आणि चिकटलेल्या पेशींचं रीडिंग नुसत्या बीएसएच्या (पेशी न धरणाऱ्या साध्या प्रथिनाच्या) वेलइतकंच आलं. आता प्रथिनाची व्हायल (कुपी) वाटेतच खराब झाली, असं सप्लायरला लिहायचं म्हणताय. मेल थांबवा. तुमच्या पद्धतीत कॅल्शियम दोनदा मारलं गेलंय.

ई-कॅडहेरिनचा पेशीबाहेरचा भाग पाच तुकड्यांचा असतो. दर दोन तुकड्यांच्या सांध्यात तीन कॅल्शियम आयन बसतात, म्हणजे एका रेणूत एकूण बारा. ते असले की रेणू ताठ उभा राहतो; काढले की सांधे ढिले पडतात आणि प्रोटिएजला, म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमला, आयतं खाद्य मिळतं. ट्रिप्सिन-ईडीटीए नेमकं हेच करतं: ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं, ट्रिप्सिन पेशीवरचं कॅडहेरिन कापून टाकतं. प्लेटवरच्या प्रथिनाने मग हात धरायचा कोणाचा?

पेशी सोडवायला ट्रिप्सिन नकोच. कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएसमध्ये २ मिलिमोलर ईडीटीए, ३७ अंशांवर १० ते १५ मिनिटं, मग हलक्या हाताने पिपेट करा. ईडीटीए पूर्ण जावं म्हणून दोनदा धुवा. कॅल्शियम परत मिळालं की या पेशी एकमेकींनाच चिकटून गोळे करतात, म्हणून ४० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळून लगेच वेलमध्ये टाका. चहा नंतर. माध्यम सीरमविरहित डीएमईएम घ्या, त्यात कॅल्शियम १.८ मिलिमोलर असतं. आरपीएमआय-१६४० मध्ये जेमतेम ०.४. सीरम असेल तर त्यातल्या फायब्रोनेक्टिन-व्हिट्रोनेक्टिन या चिकट प्रथिनांवर पेशी सगळीकडेच चिकटतात आणि फरक दिसत नाही.

बफरही बदला. पीबीएसमध्येच कॅल्शियम क्लोराइड ओतायचा मोह होतो, पण फॉस्फेटशी संयोग होऊन गढूळपणा येतो. त्यापेक्षा २० मिलिमोलर हेपीस, १५० मिलिमोलर मीठ, २ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, पीएच ७.४. कोटिंगला, धुण्याला, सगळीकडे हेच.

व्हायलकडे येऊ. १०० मायक्रोग्रॅमची पावडर डोळ्यांना जवळपास दिसत नाही, त्यामुळे रिकामी वाटली तरी घाबरू नका. उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्या. मुंबईच्या जुलैत थंड व्हायल तशीच उघडली तर आत दव धरतं, म्हणून बंद व्हायल आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. १ मिली बफर घाला, व्होर्टेक्स करू नका, फेस म्हणजे प्रथिनाचं नुकसान. १०-१० मायक्रोग्रॅमचे भाग करून उणे ७० ला ठेवा. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीज नको, आणि एकदा वितळवलेला भाग परत गोठवू नका.

कोटिंगसाठी ते १० मायक्रोग्रॅम प्रति मिलीपर्यंत पातळ करा; ५० मायक्रोलिटर म्हणजे वेलला ५०० नॅनोग्रॅम. एका व्हायलमध्ये २०० वेल होतात. प्लेट हाय-बाइंडिंग एलायझाची घ्या, टिश्यू-कल्चरची नको. प्लेट चिकटपट्टीने झाकून ४ अंशांवर रात्रभर ठेवा, मग १ टक्का बीएसएने ब्लॉक करा. लेबल नीट वाचा: प्रथिन ‘कॅरियर-फ्री’ आहे ना? त्यात आधीच बीएसए मिसळलेलं असेल तर प्लास्टिकवरची जागा तेच बळकावतं. थेट कोटिंगमध्ये बरेच रेणू आडवे पडतात, म्हणून बजेट असेल तर आधी अँटी-एफसी अँटिबॉडी लावून त्यावर प्रथिन पकडा.

स्वस्त म्हणून ई. कोलाय जिवाणूत बनवलेलं प्रथिन घेऊ का, असंही विचारलंत. परिपक्व रेणूचं दुसरंच अमिनो आम्ल ट्रिप्टोफॅन आहे आणि ते समोरच्या रेणूच्या खाचेत शिरतं, तीच पकड. साखळीच्या सुरुवातीला, त्याच्या आधी, एखादा टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेला तुकडा) किंवा शिल्लक मेथिओनिन असलं की पकड बिघडते. टॅग कार्बोक्सी टोकाला, म्हणजे साखळीच्या शेवटी, असलेलं, एचईके किंवा सीएचओ या सस्तन प्राण्यांच्या पेशींत बनवलेलं घ्या.

दर वेलमध्ये ५० हजार पेशी, एक तास ३७ अंशांवर. नंतर मल्टिचॅनेलने भिंतीवरून बफर सोडत तीनदा धुवा, चिकटलेल्या पेशी ०.१ टक्का क्रिस्टल व्हायोलेटने रंगवा, रीडिंग ५९० नॅनोमीटरला. सोबत फक्त एफसी, फक्त बीएसए, ५ मिलिमोलर ईडीटीए टाकलेले वेल आणि ई-कॅडहेरिन नसलेल्या एमडीए-एमबी-२३१ पेशी ठेवा. एफसीचा वेलही तितकाच जांभळा झाला तर दोष ब्लॉकिंगचा. हे सगळं बदलूनही एमसीएफ-७ चिकटल्या नाहीत, तर व्हायलमधलं थोडं जेलवर चालवा, रिड्यूस करून (म्हणजे डायसल्फाइड बंध तोडून) आणि न करता: एफसी दोन रेणूंना जोडून ठेवतो, म्हणून रिड्यूस न केलेल्या लेनमध्ये पट्टा साधारण दुप्पट वजनावर हवा. खाली तुकडे दिसले, तर मग सप्लायरला फोटोसकट मेल टाका.