अवकाशातली शेती: दिव्यांआधी पाण्याचं बघा

अवकाशातल्या शेतीचा प्रयोग घरी करून बघायचा तुमचा आराखडा वाचला. दिव्यांचा विचार छान केलाय, पण पाणी आणि हवा राहूनच गेली, आणि खरी गोम तिथेच आहे. वजनरहित अवस्थेत पाणी खाली झिरपत नाही. ते मुळांभोवती चिकटून बसतं आणि मुळं गुदमरतात. गरम हवाही वर जात नाही, त्यामुळे पानांभोवती दमट हवा साचून राहते. पंखा हवाच! आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात २०१५ च्या अखेरीस झिनिया या फुलझाडाच्या रोपांवर बुरशी आली, ती अशाच ओलाव्यामुळे.

पीक म्हणून आधी लेट्यूस, म्हणजे सॅलडमधली पालेभाजी, घ्या. ऑगस्ट २०१५ मध्ये अंतराळवीरांनी स्थानकात पिकवलेलं लाल लेट्यूस खाल्लं होतं. अर्थात नुसत्या पानांवर कुणाचं पोट भरत नाही. उष्मांकांसाठी बटाटा, बुटका गहू, सोयाबीन लागेल आणि मग जागा, वीज, मळणी असा सगळाच पसारा वाढतो. त्यात आत्ताच शिरू नका.

घरच्या प्रयोगात गुरुत्व काही काढता येणार नाही, तो नाद सोडा. बंद पेटी, एलईडी, छोटा पंखा पुरे. घातलेलं पाणी, खर्चलेली वीज आणि खाण्याजोगं निघालेलं वजन, एवढं मात्र नेमाने लिहा. पुढे टोमॅटो लावलात तर फुलं हलवून परागीभवन तुम्हालाच करावं लागेल.