बर्फातलं झाड आणि झिंगलेलं पाखरू

प्रश्न : मी नौपाड्यात राहते. यंदाच्या थंडीत लेकीकडे डुलुथला (मिनेसोटा) होते. तिच्या परसात एक झाड बोराएवढ्या लाल सफरचंदांनी लगडलेलं. डिसेंबरभर एकाही पक्ष्याने चोच लावली नाही. फेब्रुवारीत तुरेवाल्या पाखरांचा थवा उतरला आणि दोन दिवसांत झाड रिकामं! त्यातलं एक खिडकीवर आपटलं. जावई म्हणाले, "आई, ते प्यायलंय." थट्टा की खरं? फोटो सोबत आहे.

उत्तर : जावयांनी थट्टा केली नसावी. फोटोत पाखराचं पोट राखाडी आणि शेपटीखालचा भाग विटकरी दिसतोय, म्हणजे हा बोहेमियन वॅक्सविंग. पंखावर लाखेचे थेंब सांडल्यासारखे लाल ठिपके असतात, ते मोठं करून बघा. हिवाळ्यात यांचे थवे फळं शोधत गावोगाव फिरतात.

ते झाड क्रॅबॲपलचं. हिवाळ्याच्या तोंडावर त्याची फळं कडक आणि तुरट असतात. कच्चा चिकू खाल्ल्यावर तोंडाचं जे होतं, तसलं काहीतरी. पुढे गोठणं-वितळणं होत होत गर मऊ पडतो, तुरटपणा उतरतो. त्याच फळात साखर आंबली की दारू तयार! वॅक्सविंग फळं अख्खी गिळतात, तीही एकामागून एक. झिंग चढणारच.

पण सगळं खापर फळावर फोडू नका. काचेत आभाळ आणि झाडं दिसतात, त्यामुळे शुद्धीतला पक्षीही आपटतो. लेकीला काचेवर बाहेरून दोन-दोन इंचांवर ठिपके लावायला सांगा. एकच ससाण्याचा स्टिकर चिकटवून काही होत नाही. पाखरू पडलंच तर झाकणाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा. पाणी पाजायला जाऊ नका (आपल्याकडे सगळे आधी तेच करतात). तासा-दोन तासांनी खोकं बाहेर नेऊन उघडा. उडालं नाही तर वन्यजीवांवर उपचार करणाऱ्यांना बोलवा.

माझ्या वर्तकनगरच्या बाल्कनीसमोर उंबर आहे. त्यावर तांबट, बुलबुल, कोकीळ इतका धीर धरत नाहीत. त्यांना गरजही नाही. हा उंबर संपला की कुठलातरी वड किंवा पिंपळ पिकलेला असतोच.

झाडाखाली बर्फावर लाल चोथा पडला होता का? असेल, तर पाइन ग्रॉसबीकही येऊन गेले. ते गर टाकतात, बी खातात. आपला पोपट पेरूची करतो तशीच नासाडी. लेकीला विचारून कळवा.