घरात एकाच्या पायाच्या नखांना बुरशी झाली, तर बाकीच्यांनाही लागते का?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं : सासऱ्यांच्या दोन्ही पायांच्या अंगठ्यांची नखं पिवळी, जाड आणि भुसभुशीत झाली आहेत. त्यांना बरीच वर्षं शुगर आहे. घरात बाथरूम एक, नेलकटर एक, लहान मुलं दोन. आणि सासूबाईंनी त्यांचं ताट-वाटी, अंथरूण सगळं वेगळं केलंय.

ताट-वाटी आजच परत एकत्र करा. भांड्यांतून ही बुरशी कोणाला होत नाही, उगीच म्हाताऱ्या माणसाला वाळीत टाकल्यासारखं वाटतं. नेलकटर मात्र आजच वेगळा करा.

मी डॉक्टर नाही. मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, आणि लोकांची नखं खरवडून ती मायक्रोस्कोपखाली बघणं हा गेली चौदा वर्षं माझ्या कामाचा भाग आहे. (घरी जेवताना हा विषय काढायला मला बंदी आहे.) तेव्हा औषधाचं डॉक्टरांना विचारा. बुरशी येते कुठून आणि जाते कुठे, ते मी सांगतो.

पायाच्या नखात बहुतेक वेळा सापडते ती ट्रायकोफायटॉन रुब्रम नावाची बुरशी. तिचं अन्न म्हणजे केराटिन, ज्यापासून आपली नखं, केस आणि कातडीचा वरचा थर बनतो. अशा पायांतून बारीक कोंडा सतत झडत असतो. तो बाथरूमच्या ओल्या फरशीवर, पायपुसण्यावर, चपलांत, मोज्यांत पडतो आणि त्यातली बुरशी कित्येक महिने जिवंत राहू शकते. इथपर्यंत सासूबाईंचं बरोबर आहे.

पण हा कोंडा धडधाकट नखावर पडून फारसं काही होत नाही. नख म्हणजे कौलासारखं, वरून आत शिरायला जागा नाही. बुरशी आधी कातडीवर घर करते, विशेषतः करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात, जिथे ओल कधी धड वाळतच नाही. पावसाळ्यात तिथली कातडी पांढरी पडून सोलवटते, खाज येते, त्याला आपण चिखल्या म्हणतो. सगळ्याच चिखल्या बुरशीच्या नसतात, पण बऱ्याचशा असतात. तिथून ती सरकत नखाच्या पुढच्या कडेखाली शिरते आणि मागे मागे जात राहते. म्हणजे नखाची बुरशी बहुतेकदा स्वतःच्याच पायाकडून आलेली असते, आणि तीही एका दिवसात नाही.

हे लोकांना पटत नाही. बारा-बारा तास बूट घालून ड्यूटी करणारे एक सिक्युरिटी गार्ड आमच्याकडे आले होते. अंगठ्याचं नख पार किडलेलं. बोटांच्या मध्ये कधी खाज येते का, विचारलं तर म्हणाले, "ते होय, ते तर दर पावसाळ्यात होतंच." दर पावसाळ्यात पावडर मारायची, दिवाळीपर्यंत खाज थांबायची, की झालं बरं! खाज थांबली तरी बुरशी तिथेच, आणि नखाखाली तर ती बहुधा खाजतही नाही. गमबूट, सेफ्टी शूज, दिवसभर ओले मोजे, भातलावणीचा चिखल, सगळीकडे गोष्ट तीच.

हाताच्या नखांचं प्रकरण थोडं निराळं. तिथे बऱ्याचदा कॅन्डिडा हा यीस्टचा प्रकार सापडतो, आणि येतात त्या मुख्यतः बायका : धुणीभांडी करणाऱ्या, मासळी निवडणाऱ्या, खानावळीत राबणाऱ्या. हात सतत पाण्यात असले की नखाच्या मुळाशी असलेली कातडीची पातळ झालर सुटते आणि तिथून ओल आत जाते. नखाचं मूळ सुजतं, दुखतं, नखुरडं परत परत होतं. पार्लरमध्ये हीच झालर हौसेने कापून घेतात, ते मला आजवर कळलेलं नाही.

आता धोका कोणाला. तुमच्या मुलांना सगळ्यात कमी. लहानांची नखं भराभर वाढतात, बुरशीला मागे सरकायला सवडच मिळत नाही. वय झालं की उलट होतं. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, म्हातारपणी त्याहून कमी, आणि अंगठ्याचं पूर्ण नख बदलायला 12 ते 18 महिने लागतात. त्यात तंबाखू-सिगारेटने पायाचा रक्तपुरवठा कमी झालेला असेल, ठेच लागून किंवा घट्ट बुटांनी नख उचकटलेलं असेल, सोरायसिस असेल, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर बुरशीचं फावतं. काही घराण्यांत ती पिढ्यान्‌पिढ्या दिसते, म्हणून तुमच्या नवऱ्याने आपल्या बोटांच्या बेचक्या एकदा उजेडात नीट बघाव्यात.

आणि शुगर. तुम्ही विचारलंत सासऱ्यांपासून घरच्यांना काय होईल, पण खरी काळजी त्यांचीच करायला हवी. शुगरने पायाची जाणीव कमी झालेली असते. जाड नख बुटात दाबलं जातं, शेजारच्या बोटाला टोचतं, जखम होते आणि कळत नाही. त्या जखमेतून बॅक्टेरिया शिरले की मग पायच सांभाळायची वेळ येते. त्यांना ते नख ब्लेडने स्वतः तासू देऊ नका. रोज रात्री पाय कोणीतरी बघा, बोटांच्या मध्ये कोरडं पुसा. पायपुसणं आणि चपला त्यांच्या वेगळ्या, मोजे गरम पाण्यात. बाथरूमची फरशी कोरडी राहिली तर निम्मं काम झालं.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने ट्यूब आणू नका. आपल्याकडे खपणाऱ्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं, त्याने लाली-खाज दबते आणि बुरशी पसरत राहते. पायाच्या नखाला डॉक्टर साधारण तीन महिन्यांची टर्बिनाफिनची गोळी देतात, तीही लिव्हर तपासून आणि आधीची औषधं बघून. गोळ्या संपल्या तरी नख लगेच स्वच्छ दिसत नाही. किडलेला भाग वाढून कापला जाईपर्यंत वर्ष जातं, आणि मधेच लोक "गुण नाही आला" म्हणून डॉक्टर बदलतात.

पण गोळीच्या आधी तपासणी करून घ्या, कारण बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी निघते. बाकीची सोरायसिसची, माराची, नुसत्या वयाचीही असतात. नखात काळी रेघ उमटली असेल तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना लगेच दाखवा. आम्ही नखाचा चुरा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून बघतो, ते लवकर होतं. कल्चरला, म्हणजे नमुन्यातली बुरशी लॅबमध्ये वाढवून बघायला, मात्र तीन-चार आठवडे धरा. नमुना द्यायच्या आधी काही दिवस औषध थांबवायचं का, ते डॉक्टरांना विचारून घ्या, कारण औषध चालू असताना बुरशी असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

आणि एक विनंती. लोक तपासणीला येताना लाज वाटते म्हणून आदल्या रात्री नखं अगदी मुळापर्यंत कापून, घासून येतात. मग आम्ही खरवडायचं काय? सासऱ्यांना आहेत तशा नखांनी आणा.