एमिलू हॅरिसची सगळी कारकीर्द ऐकायची तर कोणता संग्रह घ्यावा?

तुमचा प्रश्न असा, की अमेरिकन गायिका एमिलू हॅरिसचे चार-पाच निवडक-गाण्यांचे अल्बम दिसतात, प्रत्येकात गाणी वेगळी, मग सुरुवात कुठून करायची. आधी २००५ चा 'हार्टएक्स अँड हायवेज' ऐका. एक सीडी, २० गाणी. तो कानात मुरला की मग २००७ चा 'साँगबर्ड'. हा क्रम उलटा करू नका, कारण खाली येतंच आहे.

संग्रह निवडताना सगळ्यात आधी बघायचं ते कंपनीचं नाव. २००१ च्या दोन सीडींच्या 'अँथॉलॉजी'ला लोक संपूर्ण कारकीर्द समजतात, पण त्याच्या नावातच 'वॉर्नर / रिप्राइझची वर्षं' असं लिहिलंय. म्हणजे १९७५ पासून नव्वदीच्या सुरुवातीपर्यंतचा काळ. १९९५ चा 'रेकिंग बॉल' दुसऱ्या लेबलवर आला, २००० चा 'रेड डर्ट गर्ल' तिसऱ्या, त्यामुळे ही दोन्ही वळणं त्यात नाहीत. १९७८ चा 'प्रोफाइल' तर पहिल्या तीन-चार वर्षांपुरताच आहे. तो अल्बम सुंदर आहे, पण त्यावरून ही फक्त कंट्री (अमेरिकन ग्रामीण वळणाचं संगीत) गायिका आहे असा समज होतो आणि तिथेच चूक होते. कंट्री, ब्लूग्रास (साध्या तंतुवाद्यांवरचं कंट्रीचं भावंड), गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीतं), लोकगीतं आणि पुढे स्वतः लिहिलेली गाणी, इतका तिचा पसारा आहे. 'हार्टएक्स अँड हायवेज'मध्ये तिन्ही लेबलांवरचे टप्पे एकत्र येतात, म्हणून तो पहिला.

आता ऐकायचं कसं. पहिलं गाणं 'लव्ह हर्ट्स', कंट्री-रॉक गायक ग्रॅम पार्सन्सबरोबरचं. हे हेडफोन लावून लागोपाठ तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त खालच्या पुरुषी आवाजाबरोबर गुणगुणा. दुसऱ्यांदा तो आवाज सोडून वरचा, तिचा, धरा. आपल्याकडे एका वेळी एकच चाल ऐकायची सवय असते, त्यामुळे इथे कान सारखा मूळ चालीकडे घसरतो. पेटीवर 'सा' आणि 'ग' एकदम दाबून पाहिलेत तर काय शोधायचं ते चटकन कळेल: एक आवाज 'सा'वर असताना दुसरा त्याच्या वर 'ग'वर किंवा 'प'वर असतो आणि दोघं शब्द मात्र एकाच वेळी उच्चारतात. तिसऱ्यांदा दोन्ही आवाज मिळून ऐका आणि ओळींच्या शेवटाकडे लक्ष द्या. शेवटचा स्वर कोण किती धरतं, कधी सोडतं, ते. तिची खरी ताकद मला इथे दिसते. दुसऱ्याच्या शब्दफेकीला इतकं चिकटून गाणारा, तरीही स्वतःची ओळख न पुसणारा आवाज फार दुर्मीळ. पार्सन्स सप्टेंबर १९७३ मध्ये गेला, हे गाणं असलेला अल्बम १९७४ मध्ये आला. त्याच्या जाण्यानंतर तिनं गीतकार बिल डॅनॉफसोबत 'बोल्डर टू बर्मिंगहॅम' लिहिलं. ते लगेच पुढे ऐकलंत तर बाजूचा आवाज गेल्यावर एकटीनं उभं राहणं म्हणजे काय, ते आपसूक कळतं.

मग 'वेफेअरिंग स्ट्रेंजर', १९८० च्या 'रोझेस इन द स्नो'मधलं पारंपरिक गाणं. त्या अल्बमची बैठक विजेच्या गिटारीवर नाही, साध्या तंतुवाद्यांवर आहे: टोनी राइसची गिटार, जेरी डग्लसचा डोब्रो (आडवी धरून वाजवायची गिटार), रिकी स्कॅग्जची फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि मँडोलिन. फोनमधला 'बास बूस्ट' आधी बंद करा. तो चालू असला की तारेवरची नखी ऐकू येत नाही, नुसती घुमघुम येते. त्यानंतर 'रेकिंग बॉल'मधलं 'ऑर्फन गर्ल' लावा. निर्माता डॅनियल लॅन्वा. इथे आवाज वाद्यांच्या धुक्यात आत ठेवलाय. रेकॉर्डिंग खराब आहे असं वाटून आवाज वाढवत बसू नका, ते मुद्दामच तसं आहे.

एका गाण्याबाबत सावध राहा. 'मिस्टर सँडमन'च्या दोन आवृत्त्या आहेत. १९८१ च्या 'इव्हँजेलिन' अल्बमवर तिच्यासोबत डॉली पार्टन आणि लिंडा रॉनस्टाट आहेत. सिंगल, म्हणजे हे एकच गाणं सुटं, काढायच्या वेळी त्या दोघींच्या कंपन्यांची परवानगी मिळाली नाही, म्हणून तिघींच्या जागा एमिलूनं एकटीनं, एकावर एक थर चढवत गायल्या. तुमच्या संग्रहात कुठली आहे हे श्रेयनामावलीतल्या नावांवरून बघा. दोन्ही मिळाल्या तर पाठोपाठ ऐका, तीन वेगळ्या गळ्यांची घडण आणि एकाच गळ्याचे तीन थर यातला फरक स्वच्छ कळतो.

'साँगबर्ड' म्हणजे चार सीडी आणि एक डीव्हीडी, ७८ गाणी. निवड तिची स्वतःची आहे आणि तिनं गाजलेली गाणी मुद्दाम बाजूला ठेवलीत. मागे पडलेली गाणी, इतरांसोबतची गाणी, अप्रकाशित ध्वनिमुद्रणं असा तो ऐवज आहे. म्हणूनच हा दुसरा. गाजलेलं काय ते माहीत नसेल तर तिनं काय निवडलं याचं महत्त्व कळत नाही. एका बैठकीत एकाच सीडीपुरतं थांबा. जुना संच विकत घेत असाल तर पाचही चकत्या आणि पुस्तिका आहे ना, ते पैसे देण्याआधी मोजून घ्या. ॲपवर ऐकत असाल तर शफल बंद करा.

आणि 'द बॅलड ऑफ सॅली रोझ' (१९८५) कुठल्याही संग्रहातून ऐकू नका. ती १३ गाण्यांची सलग गोष्ट आहे, सुटं गाणं काढलं की अर्धं कापड हातात येतं. तो अल्बम स्वतंत्र, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका.