पहाटे चारची वाटी

प्रिय बाळा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज पहाटे 4 वाजून 10 मिनिटांनी आलेला दिसला. "ताई, चिंगीने आजही उठवलं. आता रडू येतंय." सकाळी चहा घेताना वाचला आणि ठरवलं, याचं उत्तर फोनवर द्यायचं नाही. फोनवर आपण दोघीही घाईत असतो, म्हणून बसून लिहिते आहे.

आधी त्या बाथरूमबद्दल. परवा रात्री तू तुझ्या मांजरीला, चिंगीला, आत कोंडलंस, ती दार ओरबाडत राहिली आणि तू बाहेर बसून रडलीस, असं लिहिलंयस. सलग चार रात्री जेमतेम तीन-तीन तास झोप, वर दिवसभर मेडिसिनच्या वॉर्डात ड्यूटी. अशा वेळी माणसाचा तोल जातो, त्याचं ओझं मनावर घेऊ नकोस. पण पुन्हा कोंडू नकोस. कोंडल्याने "पहाटे ओरडू नये" हे मांजराला कळत नाही. तिला एवढंच कळतं की ही कधी कुशीत घेते, कधी कोंडते, हिचा भरवसा नाही. बिथरलेलं मांजर रात्री आणखी जागं राहतं. चप्पल आपटणं, पाण्याचा फवारा मारणं, हे सगळे त्याच वाटेचे उपाय. तुला कुणी सुचवले तरी करू नकोस.

आता सांग, तिचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालंय का? तू त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस. पावसाळ्यात कॅन्टीनच्या मागून उचललीस तेव्हा ती दोन-अडीच महिन्यांची होती, म्हणजे आता सात-आठ महिन्यांची झाली. मांजरी चौथ्या-पाचव्या महिन्यापासूनही माजावर येऊ शकते. त्या दिवसांत ती लांबच लांब, काळीज चिरणारा आवाज काढते, जमिनीवर लोळते, पाठीवरून हात फिरवला की मागचा भाग वर करते आणि शेपटी बाजूला घेते. बोका भेटला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. असं काही दिसलं असेल तर बाकीचं पत्र नंतर वाच, आधी डॉक्टरांची वेळ घे. त्यावर दुसरा कुठलाही टिकाऊ उपाय नाही, आणि ऑपरेशनने तिचं भलंच होतं.

पण तू लिहिलंयस त्यावरून मला ते वाटत नाही. छातीवर येऊन बसते, केस ओढते, पायाचा अंगठा चावते, आणि तू उठून ओट्याकडे गेलीस की पायात पायात करत पुढे धावते. हे भुकेचं, आणि सवयीचं.

ही सवय कशी लागली ते बघ. आणलीस तेव्हा ती मुठीएवढी होती. इतक्या लहान पिल्लाच्या पोटात फारसं मावत नाही, त्याला थोड्या थोड्या वेळाने द्यावंच लागतं. तू पहाटे चारला उठून वाटी भरायचीस, ते अगदी बरोबर होतं. पिल्लू मोठं झालं, वाटीची वेळ मात्र तीच राहिली. रोज त्याच वेळी ती ओरडली, तू उठलीस, वाटी भरली. तिच्या लेखी तुझं उठणं म्हणजेच जेवण. मोठी मांजरं एकमेकांशी बोलताना क्वचितच म्याऊ करतात, हे तुला ठाऊक आहे का? तो आवाज ती मुख्यतः माणसासाठी राखून ठेवतात. कुठल्या आवाजाला तू उठतेस हे चिंगीने अजमावून पाहिलं, आणि जो चालला तो धरून ठेवला.

त्यात वेळही तिच्या रक्तातली. आपल्या घरातल्या मांजराचं मूळ उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजरात आहे. ते उजाडताना आणि दिवेलागणीला शिकार करतं, कारण उंदीर-घुशी तेव्हा बाहेर पडतात. दिवसाचे 12 ते 16 तास झोपायचं आणि या दोन वेळांना चपळ व्हायचं, ही तिची घडण आहे. ती आपण बदलू शकत नाही. पहाटे तिला जाग येणारच. बदलायचं आहे ते एवढंच, की जाग आल्यावर तिने तुझ्याकडे यायचं कारण उरू नये. तुझं उठणं आणि तिची वाटी यांची गाठ सोडवायची. बाकी जे काही लिहिते आहे ते या एका कामासाठी.

पगार झाला की टायमरवाला फीडर घे, ठरलेल्या वेळी आपोआप झाकण उघडून खाणं देणारा. पहिल्याच दिवशी तो सहाला लावू नकोस. ती चारला उठते ना, मग पावणेचारला लाव. तिने तुझ्याकडे यायच्या आधी खाणं पडलं पाहिजे. पाच-सहा दिवस तसंच राहू दे. फीडरचा आवाज आला की ती तुझ्या अंगावरून उडी मारून तिकडे पळू लागेल, त्या दिवशी समज की गाठ सैल झाली. मग दर दोन-तीन दिवसांनी 10-15 मिनिटं पुढे सरकवत न्यायचं. साडेपाच-सहापर्यंत पोचायला महिना जाईल, जाऊ दे. आणि ती बघत असताना बटण दाबून हाताने खाणं काढू नकोस, नाहीतर मशीनमागेही तूच आहेस हे तिला कळेल.

तुझी खोली म्हणजे एकच खोली आणि ओटा, तेव्हा फीडर पलंगापासून जितका लांब ठेवता येईल तितका ठेव. मुंग्या लागतात म्हणून ताटलीत पाणी घालून त्यात ठेव. मुंबईच्या हवेत ड्राय फूड सादळतं आणि सादळलेलं ती तोंडात धरत नाही. म्हणून एका दिवसापुरतंच आत भर, बाकीचं घट्ट झाकणाच्या डब्यात.

फीडर येईपर्यंत अंड्यांचा रिकामा पुठ्ठ्याचा ट्रे घे. त्याच्या खळग्यांत दाणे टाक, वर कागदाचे बोळे दाबून बसव आणि दिवा मालवताना ओट्याखाली ठेव. तिला ते शोधून, पंजाने उकरून काढावं लागेल. पहाटेचा अर्धा तास त्यात जातो.

दूध मात्र बंद कर. तिला गप्प करायला तू पिशवीतलं दूध देतेस असं लिहिलंयस. मांजर म्हटलं की दूध, हे आपल्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं असतं, पण बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही. पोट बिघडतं आणि मग पोटासाठी रात्रीची जाग, हे नवं दुखणं सुरू होतं.

आता संध्याकाळचं. मला सगळ्यात जास्त भरवसा याच गोष्टीचा आहे. झोपायच्या आधी 15 मिनिटं तिच्याशी मनापासून खेळ. मोबाइल बघत काठी हलवणं नव्हे. काठीला पीस बांध आणि ते पलंगाच्या कडेने, उशीच्या आड, दाराच्या फटीतून असं फिरव की जणू ते तिच्यापासून लपून पळतंय. बघ तिच्याकडे. आधी नुसते कान वळतील. मग डोळ्यांतली बाहुली मोठी होत होत सगळा डोळा काळा होईल, पोट जमिनीला टेकेल, मागचे पाय जागच्या जागी हलू लागतील, आणि मग झेप. दर चार-पाच झेपांतून एकदा तिला ते पकडू दे, तोंडात धरू दे. लेझरचा ठिपका नको, तो कधीच हातात येत नाही आणि मांजर चिडचिडं होतं. दमली की लगेच रात्रीचं मोठं जेवण, शक्यतो ओलं. खाऊन झालं की ती पंजा चाटेल, पंजाने तोंड पुसेल, छाती, मग पाठ, आणि दोन गिरक्या घेऊन मुटकुळं करून झोपेल. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप. हा क्रम तिच्यात मुळातच आहे, आपण फक्त तो तुझ्या झोपेच्या वेळेला आणून लावायचा. काठी-दोरा मात्र कपाटात ठेवून मगच झोप. गिळलेला दोरा आतड्यात अडकून मांजरं मरतात.

तुझी खरी अडचण पाळ्यांची, हे मला कळतं. मॉर्निंग, ईव्हिनिंग, नाइट, आठवड्याला सगळं उलटंपालटं. मीही त्यातच आयुष्य काढलं. म्हणूनच फीडरचा एवढा आग्रह धरते आहे. तुझं घड्याळ बदललं तरी तिच्या जेवणाचं बदलायला नको. नाइट करून सकाळी घरात शिरलीस की ती अंगावर येईल. तेव्हाही वाटीकडे जाऊ नकोस. हातपाय धू, कपडे बदल, दहा मिनिटं काठी फिरव, मग थोडं दे आणि झोप. दिवसा तिचीही झोपेचीच वेळ असते, त्यामुळे नाइटच्या आठवड्यात तुला उलट सोपं जाईल.

आता अवघड भाग. वाटी हाताने भरणं थांबवलंस की पहिले काही दिवस ती जास्त ओरडेल. पूर्वी चालणारी किल्ली चालेनाशी झाली की आपणही ती जोरात फिरवून बघतो, तसंच. तेव्हा तुला वाटेल, ताईंचा उपाय फसला. फसलेला नसतो. त्या दिवसांत तिच्याशी बोलायचं नाही, "शूऽऽ" म्हणायचं नाही, ढकलायचं नाही, डोळे उघडून बघायचंही नाही. रागावणं हाही तिच्या दृष्टीने प्रतिसादच. आणि एक ध्यानात ठेव, दहा दिवस कळ काढलीस आणि अकराव्या पहाटे उठलीस, तर अकरा दिवस चिकाटी धरली की मिळतं हे ती शिकेल. म्हणून सुट्ट्या जोडून घेता येतील असा आठवडा निवड. कानात बोळे घाल. पांघरुणाखाली हलणारा अंगठा तिला उंदीर वाटतो, म्हणून पातळ चादरीऐवजी पायांवर जाड गोधडी घे.

खिडकीचा पडदा रात्री पूर्ण ओढत जा. तुझ्या छज्ज्यावर पारवे बसतात, उजाडताना त्यांचं घुमणं सुरू झालं की कुठल्याही मांजराला झोप लागणार नाही. दिवसा मात्र पडदा उघडा ठेव, ती तुझ्यामागे एकटी असते आणि तिचं जग तेवढंच आहे. तिथे स्टूल ठेव, वर रिकामा खोका. पण आधी जाळी. तिसरा मजला आहे, पारव्यामागे झेपावलेलं मांजर खाली बघत नाही.

हे सगळं लिहिताना मला बाळू आठवतो आहे. तुला त्याच्याविषयी कधी सांगितलं नव्हतं. तीसेक वर्षांपूर्वी मी परळला खोली घेऊन राहायचे, तेव्हाचा तो बोका, पिवळा, मोठ्या डोक्याचा. तोही पहाटे उठवायचा आणि मी दुर्लक्ष करायला शिकले होते. एका रात्री तो ओरडायला लागला, मी कूस बदलली. तासाभराने पुन्हा. मी उठून त्याला बाहेरच्या पॅसेजमध्ये ठेवलं आणि दार लावून घेतलं. सकाळी बघते तर तो कोपऱ्यात वाळूच्या ट्रेमध्ये बसून कुंथत होता आणि वाळू कोरडी होती. पोटाला हात लावला, मूत्राशय टणक लिंबासारखं लागलं. किती पेशंटना मी कॅथेटर घातले असतील, लघवी तुंबलेला माणूस कसा तळमळतो हे मला माहीत होतं, आणि माझ्याच दाराबाहेर बाळू रात्रभर तसा होता. पिशवीत घालून धावत बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे परळचा जनावरांचा दवाखाना, गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी भूल देऊन नळी घातली. वाचला तो. आणखी एक दिवस गेला असता तर वाचला नसता.

म्हणून माझा नियम आहे, सवयीच्या ओरडण्याकडे दुर्लक्ष करायचं, पण ते सवयीचंच आहे याची खात्री करून. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते, म्हणून असं तुंबणं त्यांच्यात जास्त. चिंगीला तो धोका कमी आहे, पण ट्रेमध्ये वारंवार जाऊन बसणं, खाणं सोडणं, लपून राहणं, नेहमीपेक्षा वेगळा आवाज, यातलं काही दिसलं तर तो दुर्लक्षाचा विषय नाही. पुढे ती दहा-बारा वर्षांची होईल आणि अचानक रात्री रडू लागेल, तेव्हा तर आधी थायरॉइड, किडनी आणि रक्तदाब तपासून घ्यायचा. माझी म्हातारी मांजरी सोनी तशीच रडायची, आणि रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यावर पुन्हा रात्रभर झोपू लागली.

आणि वॉर्डातली कुणी म्हणाली की थोडी गोळी दे, झोपेल, तर ऐकू नकोस. आपल्या हाताशी औषधं असतात म्हणून मुद्दाम लिहिते. पॅरासिटामॉलचा तर कणही नको. माणसाच्या तापाची ती साधी गोळी मांजराचा जीव घेते.

दुसरं मांजर आणू का, असंही विचारलंयस. दोघं एकमेकांशी खेळतात हे खरं. पण त्या एका खोलीत, तुझ्या या पाळ्यांत, आत्ता नको. आधी तुझी झोप जागेवर येऊ दे.

एक वही घे. वॉर्डात पेशंटच्या ताप-नाडी-श्वासाचा टीपीआर चार्ट भरतेस तसा आठ रात्रींचा चार्ट कर: रात्री किती वाजता खेळली, किती खाल्लं, किती वाजता उठवलं, किती वेळ ओरडली, ट्रेमध्ये काय सापडलं. पाळी संपताना पुढच्या नर्सला ओव्हर देताना जसं नेमकं लिहितेस तसं. सकाळी चहा घेताना भर, पहाटे दिवा लावून नव्हे. थकलेल्या डोक्याला सगळ्या रात्री सारख्याच वाईट वाटतात, पण परवा चाळीस मिनिटं ओरडली आणि आज पंचवीस, हे कागदावरच दिसतं. आठ दिवसांनी त्याचा फोटो मला पाठव.

रविवारी तुला मॉर्निंग आहे ना? मी दुपारी तीनपर्यंत येते. खिडकीचं माप घ्यायला टेप आणते, जाळीवाला माझ्या ओळखीचा आहे. तू जेवून झोपून जा. संध्याकाळपर्यंत चिंगीशी मी खेळेन.

तुझी,
ताई